परडं म्हणा, हित्तल म्हणा

बेळगावातल्या जुन्या गल्लीतलं घर बाहेरून पाहून कधीच कळत नाही. पुढची रुंदी जेमतेम बारा-पंधरा फूट, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, दोन पायऱ्या आणि बसायला एक कट्टा. आत शिरलात की मात्र घर लांबतच जातं. सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणी आणि शेवटी एक बुटकं दार. ते दार उघडलं की एकदम उजेड डोळ्यांवर येतो. विहिरीचा काठ, धुण्याचा दगड, केळीचं बेट, शेवग्याचं झाड, तुळस. शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठेही जा, थोड्याफार फरकानं नकाशा हाच. मराठी घरांत याला परडं म्हणतात, कुणी परसू म्हणतं. शेजारच्या कन्नड घरात तोच हित्तल. आमच्या घरात सासूबाईंचं माहेर बैलहोंगलकडचं आणि सासऱ्यांचं घर शहापूरचं, त्यामुळे हे दोन्ही शब्द कधी कधी एकाच वाक्यात येतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

घर सजवण्याविषयी हल्ली पुष्कळ छापून येतं. भिंतींना रंग कोणता द्यावा, पडदे कसे असावेत, सोफ्यावरच्या उशा कशा ठेवाव्यात. त्यात परड्याचं नावही नसतं. आमच्या भागातल्या घराचा सगळा साज मात्र तिथूनच पुढे यायचा. देवाला फुलं तिथली, दाराच्या तोरणाला आंब्याची पानं तिथली, सणाच्या दिवशी जेवायला केळीचं पान तिथलं, गणपती-गौरीची पत्री तिथली. सकाळी बायका सडा-सारवण करून रांगोळी काढायच्या ती पुढच्या दारात, पण शेण कालवलेलं असायचं मागच्या दारी. (सारवणं हा शब्द कन्नडमध्येही ‘सारिसु’ असाच आहे. कुणी कुणाकडून घेतला याचा वाद भाषाशास्त्राच्या तासाला घालावा. घरात सारवण झाल्याशी मतलब.)

झाडांची नावं शिकायला परड्याएवढी चांगली शाळा मी पाहिलेली नाही. आमच्या मुलांना झेंडू आधी ‘चेंडुहूवु’ म्हणून कळला, म्हणजे चेंडूचं फूल. मराठी मुलाला ते लगेच पटतं, कारण चेंडू त्याच्या हातातच असतो. अबोली मराठीत न बोलणारी झाली, तीच कन्नडमध्ये कनकांबर, सोन्याचं वस्त्र. फूल एकच, पण एका भाषेनं त्याचा मुकेपणा पाहिला आणि दुसरीनं त्याचा रंग. गुलबक्षी संध्याकाळी उमलते म्हणून ती ‘संजेमल्लिगे’. जास्वंद म्हणजे दासवाळ, सोनचाफा म्हणजे संपिगे, शेवगा म्हणजे नुग्गे. कढीलिंब आणि करिबेवु या दोन नावांत तर दोन्ही भाषांना एकाच झाडाची आठवण झालेली आहे, कडुलिंबाची. केळीला कन्नडमध्ये बाळे म्हणतात, आणि केळीच्या खोडाशी फुटलेल्या कोंबाला आमची धाकटी ‘बाळेचं बाळ’ म्हणते. हे ती स्वतःच बोलायला लागली, आम्ही शिकवलेलं नाही.

कन्नडमध्ये एक म्हण आहे, ‘हित्तल गिडा मद्दल्ला’. परसातलं झाड औषध नव्हे, म्हणजे घरच्या वस्तूला किंमत नाही. आपल्या ‘पिकतं तिथं विकत नाही’ची जवळची बहीण. सासूबाई ही म्हण अगदी नेमक्या वेळी काढतात. भजी करायची म्हणून मी बाजारातून पालकाची जुडी आणली की त्या परड्यातल्या ओव्याच्या पानांकडे नुसतं बोट दाखवतात. त्या रोपाला त्या दोड्डपत्रे म्हणतात, शब्दशः मोठं पान. जाड, लवदार, उग्र वासाचं ते पान पिठात बुडवून तळलं की पावसाळी संध्याकाळ सार्थकी लागते.

पावसाचं निघालंच आहे तर परड्यातल्या पाण्याचंही सांगते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फुटांवर आहे आणि सह्याद्री हाकेच्या अंतरावर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भुरभुर चालूच असते. जुन्या घराच्या कौलांवरच्या पागोळ्या परड्यात पडायच्या, मातीत मुरायच्या आणि विहिरीला लागायच्या. न्हाणीचं पाणी कर्दळीला, भांडी घासायच्या मोरीचं पाणी अळूला आणि केळीला. सांडपाणी हा शब्द परड्यात कुणी वापरत नसे, कारण वाया जाणारं पाणीच नव्हतं. या शहराचं विहिरींशी नातं फार जुनं. १९२४ साली टिळकवाडीत महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा येणाऱ्या लोकांच्या पाण्यासाठी विहीरच खोदण्यात आली. काँग्रेस विहीर म्हणून ती आजही ओळखली जाते. पुढे राकसकोपचं आणि मग हिडकलचं पाणी नळाला आलं, तशा घरोघरच्या विहिरींवर जाळ्या बसल्या आणि त्यांच्याकडे पाहणं कमी झालं.

बेळगावचं परडं असं का झालं हे समजून घ्यायचं असेल तर दोन दिशांना एक-एक दिवस काढून जाऊन यावं. दक्षिणेला खानापूरची गाडी धरा. देसूर, इदलहोंड मागे पडलं की माती तांबडी होते, घरांची कौलं उतरती होत जातात. खानापूरच्या पुढे कणकुंबीकडे, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे तर पावसाला धरबंधच नाही. त्या बाजूच्या परड्यांत फणस, काजू, आंबा, मिरवेल. सगळं हिरवं आणि ओलं. आता पूर्वेला चला. हिरेबागेवाडीवरून बैलहोंगलकडे वळलात की तासाभरात माती काळी होते आणि पाऊस झपाट्यानं कमी होतो. म्हणून जुन्या घरांना उतरती कौलं नाहीत, वर सपाट मातीचं माळिगे असतं. त्यावर मिरच्या, शेंगा, जोंधळा वाळत घालतात. उजेडासाठी छताला भोक ठेवलेलं असतं, त्याचं नाव बेळकिंडी. हा शब्द मला फार आवडतो, उजेडाची खिडकी. तिथल्या हित्तलात कडुलिंब आणि त्याच्याभोवती कट्टी, बाजूला गोठा आणि कडब्याची गंजी. फुलझाडं मोजकी, आणि म्हणून जपलेली.

बेळगाव या दोन्हींच्या मध्ये बसलं आहे. इथल्या परड्यात फणसही दिसतो आणि कडुलिंबही. दोन्हीकडच्या मुली इथे सुना होऊन आल्या, आणि येताना काही ना काही रोवायला घेऊन आल्या. सासूबाईंनी बैलहोंगलहून दुंडु मल्लिगेच्या फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या होत्या. दुंडु मल्लिगे म्हणजे गोल, गच्च पाकळ्यांचा मोगरा. ‘गिडक्क नीर हाकवा’, झाडाला पाणी घाल ग, हे त्यांनी मला सांगितलेलं पहिलं कन्नड वाक्य. त्याआधी मला कन्नड येत होतं ते परीक्षेपुरतं.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत गल्लीतली परडी एकेक करून संपली. त्यात कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. भाऊ वेगळे झाले, मुलांची लग्नं झाली, खोल्या हव्या झाल्या. पुढे गल्ली, दोन्ही बाजूंना भिंती, मग घर वाढणार कुठे? मागेच. आमच्या घरीही हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी आला. धाकट्या दिरांच्या कुटुंबाला जागा पुरेना. आमचं परडं लांबीला चाळीस फूट. त्यातले पंचवीस फूट दोन खोल्यांना आणि न्हाणीला द्यायचे ठरले, त्याबद्दल घरात दुमत नव्हतं. दुमत झालं ते उरलेल्या पंधरा फुटांवरून. बांधकाम करणाऱ्यांचं म्हणणं, सगळं काँक्रीट करून टाका. चिखल नको, डास नकोत, सापकिरडूची भीती नको. दिरांनाही ते पटत होतं. लहान मूल रांगणार, स्कूटर ठेवायची, रोज पालापाचोळा कोण झाडणार? प्रश्न खरेच होते.

दोन दिवस जेवणाच्या पाटावर हीच चर्चा. सासूबाई ऐकत होत्या. तिसऱ्या दिवशी ताक वाढता वाढता एवढंच म्हणाल्या, ‘‘मण्ण बिड्री.’’ माती सोडा. झाडं सोडा असं त्या म्हणाल्या नाहीत, हे मला नंतर जाणवलं.

सोनचाफा गेलाच. तो नेमका नव्या पायाच्या ओळीत होता. चाळीसेक वर्षांचं झाड, ज्याची फुलं आजूबाजूच्या सात-आठ घरांतल्या देवांना पुरायची. तोडायला माणसं आली त्या दिवशी सासूबाई मागच्या दाराकडे फिरकल्या नाहीत. माणसांना चहा मात्र त्यांनीच करून पाठवला, दोनदा. पुढचे कित्येक दिवस गल्लीतल्या बायका सवयीनं परडी घेऊन यायच्या, दारातच आठवायचं आणि मग जास्वंदीवर भागवायच्या.

उरलेल्या पंधरा फुटांत दिरांनीच मार्ग काढला. सिमेंट ओतण्याऐवजी जुन्या सोप्यातली निघालेली शहाबादी फरशी मातीवर मोकळी मांडली, मध्ये चार-चार बोटांच्या फटी ठेवून. स्कूटर त्यावर उभी राहते आणि पाणी फटींतून मुरतं. भिंतीच्या कडेनं तीन फुटांचा मातीचा पट्टा. नव्या स्लॅबवरचं पाणी नळीनं खाली आणून वाळू-खडीच्या पिंपातून विहिरीत सोडलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शहरात जे पाणी तुंबलं, ते पाहिल्यावर गल्लीतल्या गटारावर भरवसा ठेवायचा नाही हे सगळ्यांच्याच मनात होतं. आमच्या विहिरीला यंदा मे महिन्यातही दोन हात पाणी होतं. शेजारच्या घरी, जिथे सगळं काँक्रीट झालं आहे, त्यांची विहीर एप्रिलमध्येच तळाला गेली. तेही आता पिंपाबद्दल विचारून गेलेत.

ज्यांच्याकडे तेवढा पट्टाही नाही, त्यांची कुंड्यांवर मदार. त्यांना एकच सांगावंसं वाटतं, खानापूरला एक फेरी मारा. सव्वीसेक किलोमीटरचा तर रस्ता. तिथली माती कुंभारकामासाठी नावाजलेली आहे, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही तिथेच आहे. मातीची कुंडी पाणी पिते आणि अंगातून सोडते, त्यामुळे मुळं थंड राहतात. उन्हाळ्यात तिला रोज पाणी घालावं लागतं हे खरं. पण आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात प्लास्टिकच्या कुंडीत पाणी साचून मुळं कुजतात, त्यापेक्षा ते परवडलं.

आणि घरात? तिथेही आपल्या दोन्ही बाजूंनी पुष्कळ देऊन ठेवलं आहे. जुन्या साड्यांच्या घड्या एकावर एक घालून धावदोऱ्यानं शिवलेली कौदी, जिला आपण वाकळ किंवा गोधडी म्हणतो. खानापूरपलीकडे हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी बायका अशीच कवंदी शिवतात, तिच्या चार कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या बसवतात आणि त्यांना फुलंच म्हणतात. दिवाणावर एक कौदी अंथरली की महागड्या चादरीची आठवण येत नाही. शोकेसमध्ये ठेवायला गोकाकची लाकडी फळं आहेत, आणि आंबोली घाट उतरून गेलं की सावंतवाडीची. आमच्याकडे एका परातीत दोन्ही एकत्र आहेत. पाहुण्यांना फरक कळत नाही, मुलांना बरोबर कळतो. धूळ खाणारी प्लास्टिकची फुलं मात्र मी घरात येऊ देत नाही. भेट म्हणून आली तर पुढच्या वास्तुशांतीला पुढे सरकवते, हे इथे लिहायला नको होतं खरं.

दसऱ्याला आमच्या घरी आपट्याची पानं येतात आणि सासूबाईंसाठी बन्नीची, म्हणजे शमीची. ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणून झालं की त्या ‘बन्नी तगोंडु बंगारदांग इरोण’ म्हणतात. दोन्हींचा अर्थ एकच, पण दोन्ही म्हटल्याशिवाय धाकटी कुणाला उंबरठा ओलांडू देत नाही.

शेजारच्या अक्कांची मुलगी यंदा महांतेश नगरात तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली. जाताना तिनं दुंडु मल्लिगेच्या फांद्या मागितल्या. नशिबानं ते झाड भिंतीच्या पट्ट्यात होतं, बांधकामातून वाचलं. सासूबाईंनी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या चार फांद्या काढल्या, खालची पानं खुडली, दोन पेरं मातीत जातील एवढ्या लांबीवर तिरप्या कापल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या. मृगाचा पहिला पाऊस झाला होता, फांदी धरायला तीच वेळ चांगली. कुंडी खानापूरची, माती आमच्या परड्यातली, थोडं शेणखत, जागा गॅलरीतल्या सावलीची. आता ती एक दिवसाआड फोन करते, तीन आठवडे झाले, अजून पान फुटलं नाही, फांदी उपटून मूळ आलंय का बघू का? सासूबाई फोन हातात घेतात आणि म्हणतात, ‘‘मुट्टब्याड. इन्न एंट दिवस ताळवा.’’ हात लावू नकोस, अजून आठ दिवस धीर धर.