बोंडापासून ओटीपर्यंत

लकवा मारल्यावर मूठ आधी वळायला लागते. उघडायला फार उशीर लागतो. वऱ्हाडातल्या हिवरखेडच्या आसपास फिजिओथेरपी करताना मी याच टप्प्यावर सर्वांत जास्त अडते. मूठ वळली की घरचे हरखतात. पण कापूस वेचणाऱ्या बाईचं नुसत्या पकडीवर भागत नाही. फुटलेल्या बोंडाच्या वाळक्या, टोकदार पाकळ्यांतून कापूस बोटांनी अलगद ओढायचा आणि मूठ भरली की कमरेच्या ओटीत सोडायचा. हे सोडणं फार अवघड. बोटं सरळ करणाऱ्या स्नायूंपर्यंत मेंदूचा निरोप पोचत नाही आणि वाकवणारे स्नायू ताठरलेले असतात. बोटं जबरदस्तीनं ओढली की मूठ आणखी आवळते. मनगट आधी आत वाकवावं, अंगठा मुळाशी धरून बाहेर न्यावा आणि थांबावं. मग बोटं सैल पडतात. म्हणून 'रबरी चेंडू दाबत बसा' हा गावोगाव मिळणारा सल्ला मला मान्य नाही. आधीच आवळणाऱ्या हाताला आणखी आवळायला कशाला शिकवायचं?

दुसरा आग्रह खांद्याचा. लुळा हात ओढून किंवा काखेत हात घालून माणसाला उठवू नये. खांद्याची वाटी उथळ असते, हाड जागेवर धरून ठेवणारे स्नायू ढिले पडलेले असतात. ओढलं की सांधा खाली सरकतो. मग तो इतका दुखतो की माणूस व्यायामालाच नाही म्हणतो. बसताना हाताखाली उशी हवीच.

त्याहून कठीण असते माया. "मी हाये नं, तुमी काहाले उठता?" असं म्हणत बायको घास भरवते, सून पाणी तोंडाला लावते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी दाखवून दिलं, की सुरुवातीच्या अपयशांमुळे माणूस तो हात न वापरायलाच शिकतो. पुढे ताकद थोडी परतली तरी हात तसाच पडून राहतो. त्यांनी चांगला हात बांधून ठेवायची पद्धत काढली. बोटं थोडी तरी उघडत असतील तरच ती चालते. आमच्याकडे चांगल्या हाताला दुपट्टा गुंडाळला, की घरचेच कळवळून सोडवतात. त्यांना समजावण्यात माझा बराच वेळ जातो, आणि तो उपचारातच धरायला हवा.

काय शिकवायचं हे माणसाच्या दिवसावरून ठरतं. रोजची कामं माणूस स्वतः किती करू शकतो हे मोजणाऱ्या बार्थेल मोजपट्टीच्या प्रचलित नमुन्यात जेवणाच्या प्रश्नात लोणी लावण्याचा उल्लेख येतो. मी विचारते, भाकर मोडता येते का? उकिडवं बसून उठता येतं का? उजवा हात गेलेल्या म्हाताऱ्याला डाव्या हातानं जेवायची लाज वाटते. चारचौघांत तो उपाशी उठतो. ती लाज कोणत्याच रकान्यात बसत नाही.

उपचाराला रोजच्या कामाची जोड देणं आमच्याकडे नवं नाही. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६मध्ये तपोवन उभं केलं. गावानं बाहेर काढलेल्या कुष्ठरुग्णांना तिथं औषधाबरोबर काम मिळालं. कुष्ठरोगानं बधिर झालेल्या हाताला भाजलेलं कळत नाही, म्हणून डोळ्यांनी जपायला शिकावं लागतं, अवजाराची मूठ कापड गुंडाळून जाड करावी लागते. वऱ्हाडात हे इतक्या आधी झालेलं असताना आमच्या तालुक्यात आजही 'घरी न्या, आराम करू द्या' एवढ्यावर रुग्णाची बोळवण होते, याचा मला मनापासून राग येतो.

वेचणीची मजुरी किलोवर मिळते. हात परत आला तरी मंद असतो, आणि काट्यावर ते लगेच दिसतं. त्यामुळे माझं काम खाटेपाशी संपत नाही. मी मुकादमाशी बोलते: हिला सुनेच्या शेजारची ओळ द्या, दोघींचा कापूस एकत्र मोजा. काही मुकादम ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांच्याकडे पुढच्या वेच्याला पुन्हा जाते.