धपाटा आणि गोधडी

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. आजही ती वाचताना घरातले कोणी वडीलधारे माणूस ओटीवर बसून बोलत आहे असे वाटते. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकापायी घराचे झालेले हाल लक्ष्मीबाईंनी झाकले नाहीत. तरीही त्या सांगण्यात कडवटपणा नाही, हसू आहे.

वसईच्या वाडीतले आमचे बालपण आम्ही असे कधी सांगितलेच नव्हते. सायंकाळी देवळाची घंटा झाली की आम्ही भावंडे कंदिलाच्या उजेडात जपमाळेसाठी गुडघे टेकत असू. कोणी पेंगले की पाठीत बाबांचा धपाटा बसे. रात्री तोच हात आमच्या अंगावर गोधडी ओढी.

बाबांच्या पहिल्या वर्षदिनी, मिस्साबलिदानानंतर, आम्ही सारे गोधडीविषयीच बोललो. धपाटा कोणी काढला नाही. आई ऐकत होती. शेवटी म्हणाली, “हे कोणाचे बाबा रे?”

आम्ही पोट धरून हसलो, मग रडलो. वर्षभरानंतर बाबा पुन्हा घरात आले होते. आठवण खरी असेल तरच ती गोड लागते, हे आम्हांला त्या दिवशी उमगले.