एका दमात दोन गाणी

ॲरेथा फ्रँकलिनचा ‘अमेझिंग ग्रेस’ हा अल्बम ऐकताना एका ठिकाणी मी हातातलं काम बाजूला ठेवतो. चर्चमधलं जुनं गाणं, ‘प्रेशस लॉर्ड’, चाललेलं असतं आणि त्याच्यातच कॅरोल किंगचं ‘यू हॅव गॉट अ फ्रेंड’ येऊन मिसळतं. सांधा कुठे आहे ते कितीदा ऐकलं तरी हाती लागत नाही. ब्रुकलिनच्या ज्यू घरात वाढलेल्या मुलीनं लिहिलेलं, १९७१ साली अमेरिकाभर गाजलेलं ते मैत्रीचं गाणं. त्यात देवाचं नावही नाही. ॲरेथा त्यातल्या मित्राला सरळ येशू म्हणते, आणि मागची गायकमंडळी असा सूर धरतात की वाटावं, दर रविवारी ही हेच गात आली आहेत.

जानेवारी १९७२, लॉस एंजेलिसचा वॉट्स भाग. न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चची वास्तू आधी सिनेमा थिएटर होती, हे मला फार आवडतं. दोन रात्री या अल्बमचं ध्वनिमुद्रण चाललं. रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड सोबतीला होतेच. पण ड्रमवर बर्नार्ड पर्डी आणि बेसवर चक रेनी, म्हणजे लोकांना नाचायला लावणारे तिचे नेहमीचे वादक. आपला ठेका ते काही दाराबाहेर ठेवून आले नव्हते.

‘ॲरेथा चर्चकडे परतली’ असं तेव्हा बोललं जाई. तिचे वडील सी. एल. फ्रँकलिन डेट्रॉइटचे नावाजलेले प्रवचनकार. दुसऱ्या रात्री त्यांनी उभं राहून सांगून टाकलं, की खरं विचाराल तर ती चर्च सोडून गेलीच नव्हती. त्या दोन रात्रींवरच्या सिडनी पोलॅकच्या चित्रपटात (क्लॅपर न वापरल्यामुळे आवाज आणि चित्र जुळेनात, म्हणून तो अडकला आणि लोकांसमोर आला २०१८ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर) हे वडील दिसतात. ती पियानोशी गात असते. ते जवळ येऊन रुमालानं तिच्या चेहऱ्यावरचा घाम टिपतात. ती गातच राहते.

पवित्र आणि बाजारू अशी वाटणी करणाऱ्यांनी ‘प्रेशस लॉर्ड’च्या कर्त्याकडे बघावं. १९३२ मध्ये टॉमस डॉर्सीची बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखातून हे गाणं आलं. हाच माणूस चारच वर्षांपूर्वी ‘जॉर्जिया टॉम’ म्हणून चावट ब्लूज वाजवत होता. भक्तिगीतं गाणाऱ्या सॅम कुकनंही पहिलं प्रेमगीत डेल कुक या नावानं काढलं, तेही स्वतःच्याच भक्तिगीतावर बेतून. नाव बदललं, आवाज कुठला लपायला!

माझा येशूवर विश्वास नाही. तरी या गाण्यांत उपराही वाटत नाही, कारण ॲरेथा दार अडवून उभी नाही. त्या चित्रपटात ती पहिलंच गाणं म्हणते ते ‘होली होली’: मार्विन गेचं, व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बममधलं. तोही प्रवचनकाराचाच मुलगा.