माकडांचं सस्पेन्स खातं

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाचं काय करावं, हा प्रश्न आमच्या घरात पहिल्याच महिन्यात ऐरणीवर आला. मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर घालायला सुरुवात केली होती. त्यामुळे भाचीचा वालपारईहून फोन आला, तेव्हा माझ्याआधी आमच्या सौ.च "येतील, येतील" म्हणून मोकळ्या झाल्या. भाची पीएच.डी.साठी रानातल्या माकडांचा अभ्यास करते. तिचा मदतनीस ऐनवेळी नोकरी लागून निघून गेला होता आणि महिनाभर बिनपगारी माणूस हवा होता. "मामा, तुला नुसतं बघायचं आणि लिहायचं," ती म्हणाली. इन्स्पेक्शन खात्यात उभ्या जन्मात मी दुसरं काय केलं होतं?

वालपारई तामिळनाडूत, अण्णामलईच्या डोंगरांत. पोल्लाचीहून वर चढताना घाटात ४० वळणं लागतात आणि प्रत्येक वळणाला नंबराची पाटी आहे. ही सोय कुणाची ते कळत नाही. नवव्या वळणाला आलेपाक संपलेल्या माणसाला अजून ३१ बाकी आहेत, हे कळून काय उपयोग? वर पोचलं की नजर जाईल तिथं चहाचे मळे, न्हाव्यानं मशीन फिरवावं तसे कापलेले. पूर्वी इथं सगळं सदाहरित रान होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते तोडून चहा-कॉफी लावली गेली, आणि घाईच्या दाढीत हनुवटीखाली केस राहावेत तसे रानाचे तुकडे मधे मधे उरले. त्यातला एक तुकडा पुदुतोट्टमचा. पुदुतोट्टम म्हणजे नवी बाग. माकडांनी नाव ठेवलं असतं तर वेगळं ठेवलं असतं.

ही माकडं सिंहपुच्छ. अंग काळंभोर, तोंडाभोवती रुपेरी आयाळ, आणि लोकांना वाटतं आयाळीमुळे नाव पडलं. पण नाव शेपटीच्या टोकाच्या गोंड्यावरून आहे. जगात फक्त दक्षिणेकडच्या सह्याद्रीत सापडतात, तीही काही हजारच. केरळात सायलेंट व्हॅलीचं रान धरणाखाली जाऊ नये म्हणून जो लढा झाला, त्यात याच माकडाचं तोंड पुढं होतं. १९८४ साली तिथं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. एवढं मोठं काम करूनही ते चेहऱ्यावर दिसत नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यासारखं ते समोरच्याकडे एकदा बघतं आणि पुन्हा खायला लागतं.

पहिल्या दिवशी भाचीनं नियम सांगितले. टक लावून बघायचं नाही, ती धमकी होते. हसायचं नाही, कारण माकडांत दात दाखवणं म्हणजे बहुधा शरणागती. मी मनात हिशेब केला, तीस-पस्तीस वर्षांत किती रिजनल मॅनेजरांना मी रोज सकाळी शरण गेलो असेन! पायांत गुडघ्यापर्यंत कापडी जळूमोजे घालायचे. तरी जळवा येतातच. त्यांचं काम इतकं सफाईदार असतं की चावल्याचं कळत नाही, आणि त्यांनी सोडल्यावरही रक्त थांबत नाही. अशी वसुली आमच्या बँकेला कधी जमली नाही.

काम असं. दर पंधरा मिनिटांनी घड्याळ बघायचं, वर बघायचं, आणि जेवढी माकडं दिसतील त्यातलं प्रत्येक त्या क्षणी काय करतंय ते तक्त्यात लिहायचं: खातंय, शोधतंय, चालतंय, बसलंय, की एकमेकांच्या उवा बघतंय. भाचीनं सांगितलं की माणूस नुसता बघत बसला तर मारामारी तेवढी त्याच्या लक्षात राहते, बसलेलं माकड राहत नाही. म्हणून हे घड्याळ. १९७४ साली जीन ऑल्टमन नावाच्या बाईंनी या साऱ्या पद्धती एका लेखात नीट मांडल्या, आणि आजही जगभर माकडांमागे फिरणारे लोक तो लेख काढतात. मला या बाई फार आवडल्या. आमच्या हेड ऑफिसात असत्या तर पुष्कळ गोष्टी सरळ झाल्या असत्या.

सोबत वाटाड्या होता, काडर जमातीचा. त्याला मराठी येत नव्हतं, मला तमिळ. तो मला 'सार' म्हणे. पान हललं की बोट दाखवून "कुरंगु" म्हणे, आणि काही नसेल तर "इल्लै, सार." या दोन शब्दांवर आमचं उत्तम चाललं होतं. मान मोडून वर बघत राहायचं. वरून फणसाच्या चारखंडाचे तुकडे पडायचे, आणि कधी कधी जे पडायचं ते तक्त्यात लिहायला रकाना नव्हता. पण एकदा एक मादी गालात ठासून भरलेला ऐवज फांदीवर बसून सावकाश खात होती आणि तिचं पिल्लू खालून तिच्या तोंडात बोट घालून बघत होतं. तो घास संपेपर्यंत मी घड्याळही बघायचं विसरलो. एक नोंद बुडाली.

विसाव्या दिवशी धुकं आलं. दहा वाजल्यापासून झाडांचे शेंडेच नाहीसे झाले. सव्वादहा, साडेदहा, पावणेअकरा. वाटाड्या दर वेळी "इल्लै, सार." तक्ता कोरा. आता कोरा रकाना बघून माझ्या पोटात कालवतं, हा पेशाचा दोष. एक पैसा जुळत नव्हता म्हणून रात्री नऊपर्यंत आम्ही ब्रँचमध्ये बसलेलो आहोत. शिवाय दुपारकडं ही मंडळी बसून राहतात, हे एव्हाना मला पाठ झालं होतं. तेव्हा मी लिहिलं: आठ माकडं, विश्रांती. पुन्हा आठ, विश्रांती. मधे एकीला उवा बघायला लावल्या, म्हणजे संशय नको. एक वाजेपर्यंत सुरेख तक्ता तयार झाला. वाटाड्यानं वाकून बघितलं. त्याला ते आकडे वाचता येत होते, हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी चहा पिताना भाची तक्ते चाळत होती. एकदम थांबली.

"मामा, साडेअकराला आठ बसली होती?"

"हो. निवांत."

"साडेअकराला सगळा कळप मळ्याचा रस्ता ओलांडत होता. मी स्वतः गाड्या थांबवत होते."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं त्या दिवसाच्या कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. सकाळच्या खऱ्या नोंदींवरूनसुद्धा.

"आधीचे दिवस खरे आहेत ना?" तिनं हळूच विचारलं.

"खरे आहेत."

"मला माहीत आहे," ती म्हणाली, आणि गठ्ठा तसाच हातात धरून बसली.

तिला बोलता येईना. मला येत होतं. एका कॅशियरचं एक व्हाउचर खोटं निघालं म्हणून त्याचा अख्ख्या महिन्याचा गठ्ठा मी बाजूला काढायला लावला होता. तोही "बाकीचे खरे आहेत, साहेब" असंच म्हणत होता. बाकीचे खरे निघालेसुद्धा. पण ते निघेपर्यंत चार महिने लागले, आणि चार महिने तो माझ्याकडे बघून दात दाखवत होता.

"सगळे बाजूला काढ," मी म्हटलं. "एकोणीसच्या एकोणीस."

तिनं काढले. रात्रभर तिच्या खोलीतला दिवा चालू होता. वर्षाच्या त्या दिवसांतल्या माकडांना तिच्या प्रबंधात आता जागा नाही.

दुसऱ्या दिवशी ती मला घरी पाठवील असं वाटलं होतं. तिनं नवा तक्ता दिला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं: 'दिसत नाही'. हा रकाना पहिल्या दिवसापासून तिथं होता. आमच्याकडे ज्याचा पत्ता लागत नाही अशी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात. पण ते खातं शिल्लक ठेवणं आमच्यात कमीपणाचं, मार्चअखेर ते शून्य करायलाच हवं. इथं ते भरलेलं असलं तरी कुणाला लाज नाही. उरलेल्या दहा दिवसांत धुकं चार वेळा आलं. एका दिवशी मी ओळीनं अकरा वेळा 'दिसत नाही' लिहिलं. वाटाड्यानं वाकून बघितलं आणि मला एक विडी दिली. मी विडी ओढत नाही. ओढली.

घरी आल्याला आता पंधरवडा झाला. काल दुपारी मी खिडकीशी पेपर वाचत बसलो होतो. आतून सौ.नी विचारलं, "अहो, दुधाखालचा गॅस बंद केलात ना?" आजवर या प्रश्नाला मी न उठता "हो, केला" असंच सांगत आलो आहे.

"इल्लै," मी म्हटलं.

"काय?"

"बघितलं नाही."

त्या धावत गेल्या. दूध उतू गेलेलं होतं.