वडिवळ्याची मनी

मावळ प्रांताविषयीं कोणी लिहावयास बसला कीं लोहगड-विसापूरचे कडे, कार्ल्याभाज्याचीं लेणीं आणि लोणावळ्याचा पाऊस हीं स्थळें ओघानेंच येतात. वाचकांचीही तीच अपेक्षा असते. आमचा मात्र नाइलाज आहे. गेल्या ज्येष्ठांत आम्ही वडिवळ्यास तीन दिवस राहून आलों; परंतु तेथें आम्हीं गड पाहिला नाहीं, लेणें पाहिलें नाहीं, कुंडली नदीवरच्या धरणाकडेही घटकाभरच जाऊन आलों. पाहिलें तें एक मांजर. तेंही मोठ्या बारकाईनें पाहिलें; कारण ज्या कामासाठीं गेलों होतों तें काढावयाचें धैर्य आमच्या अंगीं नव्हतें.

तें काम असें. आमच्या आत्याबाईंना ८२ वें वर्ष लागलें आहे आणि वडिवळ्याच्या जुन्या घरांत त्या एकट्या राहतात. मुलगे पुण्यास, नातवंडें त्याहूनही दूर. जोराच्या पावसांत इंद्रायणीला पूर आला म्हणजे पूल पाण्याखालीं जातो आणि पलीकडच्या गांवांचा अलीकडच्या जगाशीं संबंध तुटतो. गेल्या श्रावणांत आत्याबाईंना ताप भरला तो नेमका अशाच वेळीं. शेजारच्या सुनेनें उशापायथ्याशीं बसून दोन रात्री काढल्या, आणि इकडे पुण्यास आमच्या तिन्ही बिऱ्हाडांत कोणाचा डोळ्याला डोळा लागला नाहीं. तेव्हां यंदा पावसाळ्यापूर्वीं आत्याबाईंना कायमचें पुण्यास आणावें, असें सर्वानुमतें ठरलें. मांजराच्या गळ्यांत घंटा बांधावी ह्याविषयीं उंदरांमध्यें कधींच मतभेद नसतो. ती बांधावयास आम्हांस आणि आमच्या सौभाग्यवतींस पाठविण्यांत आलें.

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकल गाडीनें आम्ही निघालों. ह्या मार्गावर पुणें ते खंडाळा आगगाडी १८५८ सालीं सुरू झाली. तेव्हांपासून खिडकीजवळच्या जागेसाठीं होणारी मनुष्याची धडपड यत्किंचितही कमी झालेली नाहीं. आमच्या समोरचे एक गृहस्थ बाकावर बसण्यापूर्वीं दोनदां वळले, हातानें जागा चाचपली, पुन्हां उठले, आणि मग अंग चोरून बसले तें हळूहळू पसरत पसरत तिघांची जागा व्यापून डोळे मिटते झाले. त्या वेळीं आम्हांस ह्या दृश्याचें कांहीं विशेष वाटलें नाहीं. कामशेतला उतरून, पूल ओलांडून वडिवळ्यास पोंचल्यावर मनी ओसरीवरच्या घोंगडीवर अगदीं त्याच क्रमानें बसली, तेव्हां मात्र त्या गृहस्थांची तीव्रतेनें आठवण झाली.

मनी ही आत्याबाईंची मांजर. रंगानें करडी, छातीवर पांढरा ठिपका, आणि चर्या एखाद्या जुन्या मामलेदारासारखी. पाहुणा आला म्हणजे कुत्र्याला आनंद होतो. मांजराला चौकशी असते. तिनें आमच्या दोन्ही पिशव्या जकात नाक्यावरील कारकुनाप्रमाणें हुंगून पाहिल्या, त्यांत आक्षेपार्ह कांहीं नाहीं अशी खात्री करून घेतली आणि आमच्याकडे पाठ फिरविली. आम्हीं वर्तमानपत्र उघडतांच ती नेमकी आम्ही वाचत असलेल्या ओळीवर येऊन बसली. तिला उठवावें असें मनांत आलें. पण आमच्या तीर्थरूपांच्या आरामखुर्चीवर त्यांच्या पश्चात् सुद्धां वर्षभर कोणी बसलें नव्हतें, हें स्मरून आम्ही उभ्यानें वाचूं लागलों. एकत्र कुटुंबांत कोणाची जागा कोणती हें कोणी ठरवून दिलेलें नसतें, तरी तें सर्वांस ठाऊक असतें. मनी सकाळीं ओसरीवर, उन्हें वर आलीं कीं तुळशीच्या कट्ट्यावर, दुपारीं माजघराच्या उंबऱ्यांत. उन्हाच्या मागोमाग बाक बदलणारे पुण्याचे पेन्शनर गृहस्थ आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांस हें शास्त्र कोणी शिकविलें, ह्याचा उलगडा आम्हांस येथें झाला.

पहिल्याच सायंकाळीं आम्हीं विषयास हात घातला. “आत्याबाई, यंदा पाऊस लवकर आहे म्हणतात,” एवढेंच म्हणालों. त्यांनीं शांतपणें विचारलें, “ताक घेणार का?” त्याच क्षणीं मनीनें मांडणीवरून कोनाड्यांत उडी घेतली, ती चुकली आणि बाई धपकन् खालीं आल्या. पण पडल्याचें दुःख तर नाहींच, लाजही नाहीं! तेथेंच बसून ती पुढचा पंजा चाटूं लागली. जणूं पंजा चाटण्यासाठींच ती खालीं उतरली होती. भर रस्त्यांत पाय घसरला म्हणजे शहाणा मनुष्य मागें वळून चपलेचा तळ तपासतो, तो हाच प्रकार. आम्हीही ताकाची वाटी हातीं घेऊन त्यांतल्या आल्याची स्तुति करूं लागलों. सौभाग्यवती पदराआड हंसल्या.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं मनीच्या भाषेचा अभ्यास केला. प्राणिशास्त्राचे जाणते सांगतात कीं, पिल्लें आईला हांक मारतात खरीं, परंतु मोठीं झालेलीं मांजरें एकमेकांशीं बोलतांना ‘म्यांव’ हा शब्द फारसा वापरीत नाहींत. तो त्यांनीं मुख्यतः मनुष्यांसाठीं राखून ठेविला आहे. मनीजवळ असे तीन निरनिराळे शब्द होते: एक दुधाचा, एक दाराचा, आणि तिसरा ‘जेवण झालें आहे, तरी पाहूं’ अशा अर्थाचा. आत्याबाईंना तिन्ही अचूक समजत. आमचे आजोबा स्वयंपाकघराच्या दाराशीं खाकरत, त्यांतही असेच तीन प्रकार होते, आणि आजीला पाण्याचा, चहाचा व रागाचा खाकरा भिंतीपलीकडून ओळखतां येई. दारापुढें बसून मनी दोन मिनिटें आक्रोश करी. दार उघडलें कीं उंबऱ्यावर उभी राहून बाहेर पाही, आंत पाही आणि परत फिरे. आमच्या घरांत एका स्थळाची वाटाघाट गेलीं दोन वर्षें ह्याच पद्धतीनें चालली आहे. सबब मनीस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

माजघरांत भाताची कणगी आहे. पूर्वीं ती शिगोशीग भरत असे. आतां वाटेकरी देतो तेवढ्या धान्यानें निम्मी भरते. त्यांत इंद्रायणी भात असतो. वडगांव मावळच्या संशोधन केंद्रांत आंबेमोहराच्या संकरांतून हा वाण तयार झाला आणि १९८७ सालीं तो शेतकऱ्यांच्या हातीं आला. आतां नदीचें नांव तांदुळामुळेंच अधिक घरांत पोंचलें आहे. मनीची ह्या घरांतील खरी नेमणूक त्या कणगीपाशीं आहे. मनुष्यानें गाय बांधली, घोड्याला लगाम घातला. मांजराला मात्र कोणी धरून आणलें नाहीं. पश्चिम आशियांत मनुष्य शेती करून धान्य सांठवूं लागला, धान्यामागें उंदीर आले, उंदरांमागें रानमांजर आलें, आणि सोय पाहून तेथेंच राहिलें. सायप्रस बेटांत मनुष्याच्या शेजारीं पुरलेलें एक मांजर सांपडल्याचें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. तें सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींचें आहे. इतकीं वर्षें आपण म्हणत आलों कीं ‘आम्ही मांजर पाळतों.’ मांजराचें मत कोणीं विचारलें आहे?

त्या रात्रीं वळवाचा मोठा पाऊस झाला. गोठ्याच्या कोपऱ्यांत मनीचीं तीन पिल्लें होतीं. पाणी आंत येऊं लागतांच ती एकेक पिल्लूं मानेशीं धरून माळ्यावर नेऊं लागली. मांजर पिल्लांना सात घरें फिरवितें म्हणतात. ह्या घरांतलें हें चौथें स्थलांतर, असें आत्याबाईंनीं सांगितलें. आईनें उचललें कीं पिल्लूं हातपाय गाळून निमूट लोंबतें. रामानुजांच्या संप्रदायांत ह्यावरूनच दोन पक्ष झाले. माकडाचें पोर आईला स्वतः घट्ट धरतें, तो मर्कटकिशोरन्याय. मांजराचें पिल्लूं सर्व भार आईवर टाकतें, तो मार्जारकिशोरन्याय. कंदिलाच्या उजेडांत तें पाहतांना आम्हांस वाटलें, हाच सोन्यासारखा प्रसंग आहे. आम्ही म्हणालों, “पाहा आत्याबाई, पाणी आलें कीं मुकाट्यानें उंचावर जावें, हें मांजरालाही समजतें. तुम्हीं सर्व भार आमच्यावर टाका.”

आत्याबाई बराच वेळ माळ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “अरे, पिल्लांना नेतां येतें. तिला नेऊन पाहिलें आहे आम्हीं.”

तो इतिहास आम्हांस ठाऊक नव्हता. दोन वर्षांपूर्वीं मनीनें दुधाची नासधूस फार मांडली, म्हणून तिला कामशेतास एका ओळखीच्या घरीं दिलें होतें. वाट दिसूं नये म्हणून पोत्यांत घालून नेलें. तेथें दूध होतें, मासळी सुद्धां होती. चौथ्या दिवशीं पहाटे मनी ह्याच उंबऱ्यावर, चारी पाय चिखलानें भरलेली, दाराचा शब्द बोलत उभी. एवढा पूल तिनें कसा ओलांडला, तें तिचें तिला ठाऊक.

“मागल्या माघांत तुमच्याकडे महिनाभर राहिलें,” आत्याबाई पुढें म्हणाल्या. “सुनांनीं कांहीं कमी केलें नाहीं हो. पण कोणत्या वेळीं कोठें बसावें, हेंच मला समजेना. आतां न्यायचेंच असेल तर मलाही पोत्यांत घालून न्या, बाबा. म्हणजे परतीची वाट कळायची नाहीं.”

त्या हंसतच बोलल्या. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या बिऱ्हाडांत तो महिनाभर त्या स्वयंपाकघराच्या दाराशीं भिंतीला टेकून बसत. कोणी जवळून गेलें कीं पाय आंत ओढून घेत. जेवण दोन घांसांनीं कमी झालें होतें. आम्हीं त्याला ‘आत्याबाई रुळल्या’ असें म्हणत होतों. नव्या घरांत आणलेलें मांजर खाटेखालीं शिरून गप्प बसतें, त्यालाही कोणी रुळणें म्हणत नाहीं. कुत्रें माणसाला धरून राहतें आणि मांजर घराला, असें म्हणून आपण मांजराला कृतघ्न ठरवितों. पण ज्या घरांत साठ वर्षें काढलीं त्याच्या उन्हाची वाट पायांना पाठ झाली असेल, तर तो कृतघ्नपणा कोणाचा? दुसऱ्या दिवशीं आम्ही रिकाम्या हातीं परतलों. निघतांना मनीनें आमची पिशवी पुन्हां एकदां हुंगून पाहिली. आपल्या घरांतून कांहीं चाललें तर नाहीं ना, एवढेंच तिला पाहावयाचें होतें.

घरीं आल्यावर व्हावयाचा तो वाद झाला. पुलाचें काय, तापाचें काय, हे प्रश्न खोटे नव्हते आणि अजूनही नाहींत. शेवटीं तोड निघाली ती अशी. आत्याबाईंना हलवावयाचें नाहीं, आपणच हलावयाचें. पावसाळाभर तिन्ही बिऱ्हाडांतून पाळीपाळीनें एकेक माणूस आठ आठ दिवस वडिवळ्यास राहील. औषधें भरून ठेवावीं. शेजारच्या सुनेस एक फोन घेऊन द्यावा. सर्वांनीं माना डोलाविल्या आणि एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलें. सौभाग्यवती म्हणाल्या, “झालें! घंटा आतां ज्याच्या त्याच्या गळ्यांत.”

पहिली पाळी आमच्या धाकट्या पुतण्यावर आली. त्यास चहाचें आधण सुद्धां ठेवतां येत नाहीं. आषाढाच्या दुसऱ्या आठवड्यांत पूल पाण्याखालीं गेला तो दीड दिवस वर आला नाहीं. रात्रीं फोन लागला तेव्हां आमच्या तोंडून शब्द फुटेना. पलीकडून आत्याबाईंचा आवाज आला: “काळजी करूं नका. मी बरी आहें. तुम्हीं पाठविलेला माणूसही बरा आहे. दोनदां जेवतो, चुलीपाशीं पाय पोटाशीं घेऊन निजतो, आणि दार उघडून दिलें तरी बाहेर म्हणून जात नाहीं. मनीला त्याची हळूहळू संवय होत आहे.”