न आलेली नोंद

“तू नेमके काय काम करतोस ते स्मरणिकेसाठी लिही,” असा निरोप शाळेतून आला. गावी आईही हेच विचारत असते. मी गिरगावात, खोताच्या वाडीतील एका जुन्या लाकडी घराच्या माडीवर भाड्याने राहतो आणि एका छोट्या कंपनीत संगणकप्रणाली लिहितो. ठिकठिकाणच्या पर्जन्यमापकांकडून दर १५ मिनिटांनी येणाऱ्या नोंदी स्वीकारून त्या पडद्यावर मांडणे, हे आमच्या चमूचे काम.

सतत येत राहणाऱ्या अशा नोंदींना आम्ही प्रवाह म्हणतो. नोंद मागायला जायचे नाही. ती आली की काय करायचे, ते आधीच सांगून ठेवायचे. ही रिॲक्टिव्ह प्रोग्रॅमिंगची रीत. मायक्रोसॉफ्टमधील एरिक मायर यांच्या चमूने २००९ साली ‘आरएक्स’ या नावाने तिची साधने प्रसिद्ध केली. पुढे ती अनेक संगणकभाषांत आली. त्यातला एक नियम मात्र मोठा कठोर आहे. प्रवाहातून नोंदी कितीही येवोत, एकदा त्रुटी आली की तो प्रवाह तिथेच संपतो.

एका जुलैत या नियमाचा आम्हाला प्रत्यय आला. एका यंत्राने आकड्याऐवजी निरर्थक अक्षरे पाठवली. सर्व केंद्रांच्या नोंदी पुढे एकाच प्रवाहात मिसळलेल्या असल्याने त्या एका त्रुटीने साऱ्याच केंद्रांचा प्रवाह थांबला. पडद्यावर आधीचे आकडे तसेच राहिले, त्यामुळे काही बिघडले आहे हे कोणाच्या ध्यानातही येईना. माझ्या डोक्यावरची कौले धडधडत होती आणि पडदा सांगत होता, दोन मिलिमीटर! खालून घरमालकीणबाईंनी हाक मारली, “बाबा, तुझा संगणक काय म्हणतो? सामान वर उचलू का?” मी म्हणालो, “उचला, आंटी. त्याचे ऐकू नका.”

दुसऱ्या दिवशी बैठकीत सूचना आली की त्रुटी आल्यास शून्य भरावे. प्रवाह तुटणार नाही, हे खरे. पण पाऊस नाही आणि पावसाची खबर नाही, या दोन गोष्टी एक कशा होतील? मग कोणी म्हणाले, शेजारच्या केंद्राचा आकडा घ्यावा. यालाही मी विरोध केला. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला अवघा ७३. दोन्ही ठिकाणे याच मुंबईतली. त्या दिवशी कुलाब्याचा आकडा सांताक्रूझच्या नावावर घातला असता, तर कुर्ला-कालिन्यातल्या माणसांना तो काय कामाचा होता?

मला आपल्या वसतिगृहातली रात्रीची हजेरी आठवली. एखाद्याने ‘हजर’ म्हटले नाही म्हणून गुरुजी हजेरी थांबवत नसत, आणि शेजारच्या मुलाने दिलेली हाकही धरत नसत. नावापुढे टिंब देऊन पुढचे नाव घेत. यादी संपली की एकाला शोधायला धाडत. तो रिकाम्या हाताने परतला की स्वतः कंदील घेऊन निघत.

आमची दुरुस्ती साधारण तशीच झाली. ‘कॅचएरर’ ही त्रुटी झेलणारी सोय मिसळलेल्या प्रवाहावर न लावता प्रत्येक केंद्राच्या स्वतःच्या प्रवाहात, मिसळण्यापूर्वीच लावली. तिच्याआधी ‘रिट्राय’, म्हणजे पुन्हा प्रयत्न. तोही मोजून तीन वेळा आणि दर वेळी अंतर वाढवत, कारण संपर्क गेल्यावर सगळ्यांनीच एकदम धडका दिल्या तर सावरणारी यंत्रणाही कोसळते. तरीही उत्तर नाही, तर त्या केंद्राचा चौकोन करडा होतो, त्यात शेवटच्या नोंदीची वेळ दिसते आणि इतर केंद्रे चालू राहतात. काही वेळाने त्या केंद्राशी जोडणी नव्याने सुरू केली जाते.

करडा चौकोन किती वेळ राहिला म्हणजे रात्री माणसाला उठवावे, यावर आमचे अजून एकमत नाही. सहकारी म्हणतात एक तास. मी अर्ध्या तासावर अडून आहे.