अर्धायुकाल

नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी औषधशास्त्राचा एक पाठ मी मराठीत आणत होते. 'हाफ लाइफ'ला अर्धायुकाल लिहिलं: औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ. शब्द बसला, पुढे गेले.

शेजारच्या खोलीत आई. हृदयासाठी तिला डिगॉक्सिन चालू होतं. जेवण जाईना, मळमळायचं; भिंत पिवळी दिसते म्हणाली. मला वाटलं, चेन्नईतलं मे महिन्याचं ऊन. गोळी मात्र मी न चुकता देत राहिले. 'गोळीआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिट ठोके मोजा. ६०पेक्षा कमी असल्यास गोळी न देता डॉक्टरांना कळवा' हे वाक्य त्याच आठवड्यात मी दोनदा सुधारलं होतं. क्रियापदांसाठी. (डिजिटालिस घेणाऱ्यांना वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसतात, हे विल्यम विदरिंगने १७८५ सालीच लिहून ठेवलंय. मी ते नंतर वाचलं.)

इस्पितळात एका शिकाऊ नर्सने ते मिनिट मोजलं. ओठ तमिळमध्ये हलत होते. ४८. गोळी बंद झाली.

"मग आता?"

"अरै आयुळ, अक्का," ती म्हणाली. थांबायचं.

अरै म्हणजे निम्मं. आयुळ तर आपल्याच आयुष्याचं भावंड. मूत्रपिंडं धड असतील तर दीड-दोन दिवस. आईची थकलेली, म्हणजे जास्तच. एका टप्प्यानंतर निम्मं, दुसऱ्यानंतर पाव, मग त्याचं निम्मं.

सहाव्या दिवशी आईने विचारलं, "ही भिंत पांढरीच आहे ना गं?"